हातशिल्लक

भरमाण्णा मुचंडीकर पहिल्यांदा निवडून आला
तेव्हा त्याच्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं.
खजिनदार व्हायला कोण उभं राहतं?
अध्यक्षाला हार, चिटणीसाला माईक,
खजिनदाराला रात्री साडेअकरा वाजता
गुलालानं माखलेल्या नोटा पुसत बसायचं काम.

रविवार पेठेत बटाट्याच्या अडतीवर तो दिवाणजी.
नखांत माती, कानावर पेन.
मी सोळा वर्षांचा, त्याचं पावतीबुक धरणारा.
वडगावच्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट,
म्हणून वर्गणी तो ओरडून मागायचा
आणि कुणी किती दिली ते कुणाला सांगायचा नाही.
एका म्हातारीनं सव्वा रुपया दिला.
त्यानं पावती फाडली.
‘आण्णा, सव्वा रुपयाची?’
‘रुपाया विसरंल की रे ती. पावती नाही विसरायची.’

मंडळाचा खजिनदार, मग पतसंस्थेचा,
मग सीमाप्रश्नाच्या समितीचा.
मोर्चाचे ट्रक, झेंड्यांचं कापड, वकिलाची फी,
लाठीनं डोकं फुटलेल्या तिघांचे टाके,
सगळं एकाच लाल वहीत,
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
घोषणांचं सदर त्यानं कधी घातलं नाही.
त्याला पैसे पडत नाहीत म्हणायचा.

मग वॉर्डानं त्याला महापालिकेत धाडलं,
आणि बाकीच्या खुर्च्यांवर मारामारी चालू असताना
अर्थ स्थायी समिती त्याच्या पदरात पडली.
अंदाजपत्रक कन्नडमध्ये छापून आलं.
आमची माणसं म्हणाली, सभागृहात फाड ते.
भरमाण्णानं चष्मा पुसला
आणि रात्रभर बोट ठेवून आकडे लावत बसला.
पहाटे मला हलवून उठवलं:
‘बघ की, चार आणि शून्य
त्यांचं नि आपलं एकसारखंच हाय.’

त्याच साली वॉर्डातल्या कन्नड शाळेचं छप्पर बसलं.
आमच्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्याला धरलेले पैसे
त्यानं तिकडे वळवले.
विचारलं नाही कुणाला.
ते त्याचं चुकलं, मी आजही म्हणतो.
‘आण्णा, हे कुणाच्या खात्यात?’
‘छपराच्या.’

आठवड्यात चौकात फलक लागला: गद्दार.
अक्षरं हातभर उंच, तांबडी.
रंगाचं बिल समितीच्या नावानं फाडलेलं,
म्हणजे आलं खजिनदाराकडेच.
तांबडा ऑइलपेंट, दोन डबे.
त्यानं दुकानदाराची बेरीज तपासली,
तीन रुपये जास्त लावलेले कापले,
सही केली.

पुढच्या निवडणुकीत पडला.
त्या छपराखालच्यांनीही मतं दिली नाहीत,
त्यांचा त्यांचा उमेदवार होता.
मतमोजणीच्या दाराशी कुणीतरी खडूनं फरक लिहिला,
कन्नड आकड्यांत.
आमच्यातल्या कुणालाच शेजाऱ्याला विचारावं लागलं नाही:
೪೦

आता तो वाचनालयाचा खजिनदार आहे. वाचनालय एकमजलीच.
वर्षाला निवडणूक, दर वर्षी बिनविरोध.
गेल्या महिन्यात त्याच वॉर्डातून मी निवडून आलो.
अंगावर गुलाल तसाच, पाया पडायला गेलो.
त्यानं चहा मागवला. अभिनंदन वगैरे काही नाही.
कपाटातून ती लाल वही काढली,
थुंकी लावून पानं उलटली,
एका ओळीवर थांबला.

तांबडा ऑइलपेंट, दोन डबे.
पुढे ‘हस्ते’ असा रकाना.
सगळ्या वहीत तेवढा एकच कोरा.

ते डबे सायकलवरून आणले होते मी.

‘नाव घाल की,’ भरमाण्णा म्हणाला,
‘हिशेब तपासायला माणूस येतोय सोमवारी.’
मी चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला.
त्यानं कोऱ्या जागेवरचं बोट उचललं नाही.